मदत हवी आहे: जुन्या बॉक्स्टरसाठी कुठला स्कॅनर घेऊ?

नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत एक २००१ ची पोर्शे बॉक्स्टर एस बघून ठेवलीय, ३.२ लिटर, मॅन्युअल, आणि पैसे द्यायच्या आधी स्वतः स्कॅन करून बघायचीय. माझ्याकडे साधा ब्लूटूथवाला ओबीडी डाँगल (गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावून मोबाईलवर बिघाडाचे कोड वाचायचं छोटं यंत्र) आहे पण तो फक्त इंजिनचे कोड दाखवतो, एअरबॅग, एबीएस काहीच नाही, आणि मला खरी काळजी आहे ती ओव्हर-रेव्हची, म्हणजे कुणी चुकीचा गिअर टाकून इंजिन मर्यादेपलीकडे फिरवलंय का ते, ती नोंद, इंजिन किती तास चालल्यावर ते झालं त्यासकट, इंजिनच्या कंप्युटरमध्ये राहते ना. शिवाय कॅमशाफ्ट डेव्हिएशनचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा ठरलेल्या जागेपासून किती सरकलाय त्याचे, आकडे पण हवेत, टायमिंग चेनचा अंदाज येतो त्यावरून.

ड्युरामेट्रिक या पोर्शेसाठीच्या स्कॅन सॉफ्टवेअर-केबलला विंडोज लॅपटॉप न्यावा लागतो, फॉक्सवेल किंवा आयकारसॉफ्ट या कंपन्यांचे स्कॅनर हातात धरून वापरता येतात, पण हे दोन्ही २००१ च्या मॉडेलवर ओव्हर-रेव्ह नीट वाचतात का? कुणी ९८६ वर (या पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरचा मॉडेल क्रमांक) स्वतः वापरलंय का? नुसतं 'पोर्शे सपोर्ट' लिहिलेलं मला पुरेसं वाटत नाही. पुढे गाडी घेतली तर एअरबॅगचा दिवा रीसेट करता आला पाहिजे, तेवढं बघून सांगा प्लीज. शनिवारी गाडी बघायला जातोय.