मदत हवी आहे: थर्मोकपलची अ‍ॅल्युमिना नळी भट्टीतून काढताच तडकते

नमस्कार मंडळी,
भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं हीट ट्रीटमेंट युनिट आहे. हायस्पीड स्टीलचे कटर हार्डन करतो, त्यामुळे विजेची मफल भट्टी १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे न्यावी लागते. तिथे के टाइपचा थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) फार काळ खरं रीडिंग देत नाही, म्हणून प्लॅटिनम-ऱ्होडियमचा एस टाइप बसवलाय, वर संरक्षणाला सिरॅमिकची, ९९.७ टक्के अ‍ॅल्युमिनाची नळी. दुसऱ्या भट्टीचं तापमान ताडायला थर्मोकपल गरम असतानाच काढतो आणि नळीला तडा जातो. आत घालताना कधी काही होत नाही. अ‍ॅल्युमिना वितळतं २००० अंशांच्या वर, मग हे का?

विक्रेता म्हणतो म्युलाइट (दुसरं एक सिरॅमिक) घ्या, स्वस्त आहे, तडकत नाही. नळी गेली तर परवडेल, आतली तार जायला नको. डीकार्ब (स्टीलच्या पृष्ठभागातला कार्बन निघून जाणं) टाळायला भट्टीत लाकडी कोळशाचे तुकडे ठेवतो, तेही सांगून ठेवतो. कुणी वापरलंय का?

प्रतिसाद १
वितळणबिंदूचा इथे संबंध नाही. सिरॅमिक दाब भरपूर सोसतं, ताण फार कमी. नळी बाहेर आली की वरचा थर आधी आकसतो, आतला अजून फुगलेलाच असतो. वरचा थर ताणला जातो आणि फाटतो. आत घालताना त्याच थरावर दाब येतो, तो निभावतो. अ‍ॅल्युमिना दर अंशाला दशलक्षात सुमारे ८ भाग प्रसरण पावतं, म्युलाइट ५ च्या आसपास. त्यामुळे तडकण्याबद्दल विक्रेता खरं सांगतोय.

पण कोळशाचं वाचून काळजी वाटली. म्युलाइटमध्ये सिलिका असते. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये तिच्यातलं सिलिकॉन सुटून प्लॅटिनममध्ये शिरतं. रीडिंग घसरतं, पुढे तार ठिसूळ होऊन तुटते. प्लॅटिनमला लागून म्युलाइट नकोच. आत अ‍ॅल्युमिनाची गॅसबंद नळी राहू द्या, बाहेरून सिलिकॉन कार्बाइडची घाला. ते उष्णता झपाट्यानं वाहून नेतं, म्हणून झटका सोसतं. मात्र वीजही वाहतं, तारा त्याला टेकू देऊ नका.

धागाकर्ता
मनापासून आभार, कोळशाचा हा धोका विक्रेत्यानं सांगितला नव्हता. दोन नळ्यांमुळे रीडिंग मागे पडेल ना? कटर वरच्या तापमानाला दोन-तीन मिनिटंच धरतो, जास्त झालं तर स्टीलचे ग्रेन (स्फटिककण) वाढतात.

प्रतिसाद १
पडेल. म्हणून हा थर्मोकपल एकाच भट्टीत कायमचा बसवा आणि दुसरीसाठी वेगळा घ्या. काढायचाच झाला तर भट्टी थंड झाल्यावर.