मदत हवी आहे: भोपळ्याची बग्गी होत नाहीये

फुलेवाडीकर:
सिंड्रेलाचं बालनाट्य बसवतोय, कोल्हापुरी बाजाचं. काचेच्या बुटाऐवजी कोल्हापुरी चप्पल, नाचाऐवजी दसरा चौकात सोनं लुटणं. सगळं जमलंय, भोपळ्याची बग्गी तेवढी होत नाही. पुठ्ठ्याची बग्गी ढकलत आणली की पोरं हसतात. शनिवारी प्रयोग आहे. लवकर सांगा.

पडद्यामागे:
रंगमंच केवढा? विंगा आहेत? अंधार करता येतो? पोरगी आत बसणार की नुसती दिसणार? हे कळल्याशिवाय काय सांगायचं?

सावलीवाला:
अंधार असणारच हो. सावलीचा खेळ करा. मांजरपाटाचा पडदा, मागे ४ मीटरवर मोबाईलचा फ्लॅश. २० सेंमीचा पुठ्ठ्याचा भोपळा पडद्याजवळून दिव्याकडे न्यायचा. दिव्यापासून ५० सेंमीवर सावली आठपट होते, म्हणजे १६० सेंमी. तसाच पुढं नेऊन दिव्याला टेकवा, पडदा काळा होतो. तेवढ्यात पुठ्ठा बदलायचा आणि बग्गी मागे पडद्याकडे आणायची. साधा बल्ब लावू नका. ५ सेंमीच्या बल्बनं त्या अंतरावर कडा ३५ सेंमी पुसट होतात, भोपळ्याचा ढग दिसतो. ट्यूब तर नकोच.

बिंदूचौक:
मुळात भोपळा कशाला? ग्रिम बंधूंच्या गोष्टीत भोपळाही नाही, परीही नाही. आईच्या थडग्यावरचं झाड कपडे देतं. झाड उभं करा, विषय संपला.

पडद्यामागे:
त्यांनी झाड विचारलेलं नाही. भोपळा, परी, काचेचा बूट हे फ्रेंच लेखक पेरॉचं, १६९७ चं.

तांबडापांढरा:
काचेचा बूट ही छपाईची चूक आहे. मूळ फरचा बूट होता.

पडद्यामागे:
फ्रेंचमध्ये दोन्ही शब्दांचा उच्चार सारखा, म्हणून ही आवई उठली. पेरॉच्या छापील पुस्तकात काचच आहे. फरची शंका नंतर १९व्या शतकात निघाली.

खाऊगल्ली:
दसरा चौक म्हणताय आणि बग्गी? दसऱ्याला महाराजांची येते ती मेबॅक मोटार आणा की राव! नाहीतर आपली म्हातारी भोपळ्यात बसूनच जंगल पार करते, तिला कुठं लागली बग्गी?

वादीवाला:
बग्गीचं होईल. खरा घोटाळा चपलेत आहे. कोल्हापुरी मागून उघडी, कुणाचाही पाय जातो, मग राजकुमार ओळखणार काय? खूण अंगठ्याची ठेवा. कोरी जोडी घ्या, तिची अंगठ्याची वादी घट्ट असते. एका बहिणीचा अंगठा शिरू नये, दुसरीची टाच दोन बोटं मागे लोंबावी. टाच शेवटच्या रांगेतूनही दिसते. प्रयोग होईपर्यंत तेल लावू नका, चामडं सैल पडतं.

फुलेवाडीकर:
चपलेचं विचारलं नव्हतं. पण बरं झालं. प्रयोग पटांगणात आहे, दुपारी ४ ला. विंगा नाहीत, मागे एकच पडदा.

सावलीवाला:
दुपारी ४?! हे आधी सांगायचं नाही का? मग मांडवाला चारी बाजूंनी काळं कापड लावा.

पडद्यामागे:
आणि पोरं शिजवा. सावली सोडा, पंखा करा. बांबूच्या ७ कामट्या, प्रत्येकी ९० सेंमी. एका टोकाला भोक पाडून सगळ्या ६ मिमीच्या एका बोल्टवर ओवा. नट दोन घ्या, एकमेकांवर आवळा. एकच नट उघडझाप करताना सुटतो आणि बग्गी कलते. कडेच्या दोन कामट्यांऐवजी लाकडी पट्ट्या असल्या तर उत्तम, सगळा ताण तिथंच येतो. केशरी मांजरपाट ९० सेंमी त्रिज्येच्या अर्धवर्तुळात कापा. बोल्टकडचं १० सेंमी कापड कापून टाका, नाहीतर चुण्या तिथं गोळा होतात आणि पंखा मिटत नाही. मग कापड कामट्यांना लावा.

एक कडेची पट्टी १८० सेंमीच्या फळीवर ठोका, बोल्ट फळीच्या मधोमध. मिटलेला पंखा चुलीच्या मागे आडवा, पुढे भोपळा. कांडी फिरली की एकानं भोपळा चुलीआड ओढायचा, दुसऱ्यानं मोकळी पट्टी धरून उलट बाजूला पालथी करायची. तीन सेकंदांत ९० सेंमी उंच बग्गी उभी. पोरगी मागे उभी राहील, बसणार नाही.

बिंदूचौक:
पटांगणात वाऱ्यानं शीड होईल त्याचं.

पडद्यामागे:
होईल. म्हणून मधल्या दोन फाकांना वीतभर खिडक्या कापा. वारा जातो, पोरगी डोकावते. चाकं कापडाला चिकटवू नका, पंखा मिटत नाही. ती उंदरांच्या हातात द्या. पेरॉच्या गोष्टीत सहा उंदरांचे घोडे होतात. दोन उंदीर चाकं फिरवत चालतील, दोघं फळी उचलतील.

फुलेवाडीकर:
माझ्याकडे उंदीर तीनच आहेत.

खाऊगल्ली:
मेबॅकला उंदीर लागत नाहीत.

पडद्यामागे:
दोन फळीला. तिसऱ्याला पुढचं एकच चाक द्या, मागचं पोरगीच्या झग्याच्या घोळाआड आहे असं प्रेक्षक समजतील. पण फळी उचलायच्या आधी नट हातानं तपासायला सांगा त्याला.