मदत हवी आहे: मध्यरात्री लॉग दोनदा फिरतो, बॅकअपमध्ये पाच-दहाच ओळी

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेचा उबुंटू २२.०४ सर्व्हर मी सांभाळतो. त्यावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे. रात्री १२:०५ ला एक स्क्रिप्ट 'ॲक्सेस.लॉग.१' (आलेल्या रिक्वेस्टच्या नोंदींची, नुकतीच फिरवलेली फाइल) उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवते. बहुतेक वेळा तिच्यात आदल्या दिवसाचा अख्खा लॉग असतो, पण मधूनच एखाद्या रात्री पाच-दहा ओळीच येतात. एरर कुठेच नाही.

शोधल्यावर कळलं की लॉगरोटेट (लॉग फिरवणारा, म्हणजे जुनी फाइल नाव बदलून बाजूला ठेवणारा प्रोग्रॅम) दोन ठिकाणांहून चालतोय. एक सिस्टमडीच्या (उबुंटूच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) टायमरवरून, रोज मध्यरात्री. दुसरा रूटच्या क्रॉनटॅबमधून (ठरल्या वेळी चालवायच्या कामांच्या यादीतून), तोही बारालाच. ती ओळ आधीच्या व्हेंडरने टाकलेली आहे. त्याची कॉन्फिग म्हणजे एनजिनएक्स पॅकेजच्या फाइलचीच नक्कल, फक्त 'मायनस एस' हा पर्याय देऊन स्टेट फाइल (कोणता लॉग शेवटचा कधी फिरला याची नोंद) वेगळी ठेवली आहे.

स्टेट फाइल लॉक असेल तर दुसरा लॉगरोटेट थांबतो ना? मग इथे का थांबत नाही? आणि हे रोज का होत नाही? सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. उद्या सभासदांच्या खात्यात कोणी शिरलं, तर माग याच ओळींवरून काढायचा आहे. क्रॉनची ओळ सरळ काढून टाकू का?

उत्तर

काढा, पण आधी एक काम करा. गायब वाटणारा लॉग बहुधा सर्व्हरवरच आहे, 'ॲक्सेस.लॉग.२.जीझेड' किंवा त्यापुढच्या फाइलमध्ये. आतल्या तारखा बघून आजच बाजूला काढा. पॅकेजच्या फाइलमधलं 'रोटेट १४' म्हणजे चौदा दिवस नव्हे, चौदा फाइली. रोज दोनदा फिरलं तर जेमतेम आठवडा उरतो.

लॉक लागतं ते स्टेट फाइलला, लॉगला नाही. तुमच्याकडे दोन स्टेट फाइली, म्हणून दोघांनाही रस्ता मोकळा. पहिला आख्खा दिवस '.१' मध्ये टाकतो. दुसऱ्याच्या नोंदीत शेवटचं रोटेशन कालचं, म्हणून तो पुन्हा फिरवतो: भरलेली फाइल '.२' होते आणि मधल्या काही सेकंदांत आलेल्या ओळी '.१' बनतात. रोज होत नाही, कारण पॅकेजच्या फाइलमध्ये 'नोटिफएम्प्टी' असतं. त्या सेकंदांत एकही रिक्वेस्ट आली नाही, तर लॉग रिकामा, आणि दुसरा त्याला हात लावत नाही.

व्हेंडरच्या कॉन्फिगमध्ये इतर लॉग असतील तर ते 'लॉगरोटेट.डी' फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत हलवा. एकच लॉग दोन फाइलींत आला की 'डुप्लिकेट लॉग एंट्री' ही एरर येते. लॉगरोटेटला 'मायनस डी' लावून तपासा, त्याने खरं काही बदलत नाही.

बॅकअप घड्याळावर सोडू नका. टायमरला वेळेची सूट दिलेली असते, तो बाराच्या ठोक्याला चालेलच असं नाही. कॉपी 'लास्टॲक्शन'मधून (लॉग फिरवून झाल्यावर लॉगरोटेट चालवतो त्या स्क्रिप्टमधून) करा, पण आधी एक-दोन सेकंद थांबा, कारण एनजिनएक्सचे वर्कर नवी फाइल उघडेपर्यंत जुन्यात लिहू शकतात. 'डेटएक्स्ट'ही लावा. नावात तारीख आली की त्याच दिवशी दुसऱ्यांदा फिरवू पाहणारा लॉगरोटेट फाइल आधीच आहे म्हणून थांबतो.

प्रश्नकर्ता

खूप आभार. '.२.जीझेड' मध्ये कालचा पूर्ण दिवस मिळाला. व्हेंडरच्या कॉन्फिगमध्ये ॲप्लिकेशनचाही एक लॉग निघाला, तो हलवून क्रॉनची ओळ काढली. एकच शंका: 'लास्टॲक्शन'मधली कॉपी नेटवर्कमुळे अडकली, तर बाकीच्या लॉगचं रोटेशनही खोळंबेल का?

उत्तर

खोळंबेल, तो लॉगरोटेट स्क्रिप्ट संपायची वाट बघतो. तिथे फक्त त्याच मशीनवर कॉपी करा, पाठवणं वेगळ्या जॉबकडे द्या.