बीओक्यूत एक, ड्रॉइंगमध्ये दुसरंच, आणि बिलावर सही माझी. इंटिरियर डिझायनरची जबाबदारी कुठपर्यंत?

आरेखन_लातूर

नमस्कार. मी लातूरची, स्वतःचं इंटिरियरचं काम सुरू करून दोन वर्षं झाली. त्याआधी चार वर्षं एका ऑफिसात होते पण तिथं कागदपत्रं सर बघायचे, माझ्याकडं फक्त ड्रॉइंग असायची. आता अडकलेय म्हणून विचारते, जरा लांबेल.

लहान मुलांच्या एका डॉक्टरांचा दवाखाना केला, ११५० चौरस फुटांच्या आसपास, काम ११ लाख ८० हजारांचं. डॉक्टर आणि गुत्तेदार (ठेकेदार) यांचा ५०० च्या बॉन्डवर एक पानी करारनामा झाला, त्यात एवढंच की सोबतची बीओक्यू (कामांची यादी, मापं आणि रेट) व ड्रॉइंगप्रमाणे फर्निचर, सिलिंग, रंगकाम करून देणे, झालेल्या कामाचं मोजमाप करून बीओक्यूच्या रेटनं पैसे, मुदत तीन महिने. बीओक्यू माझी, ड्रॉइंग माझी. माझी फी डॉक्टरांकडून वेगळी, त्याचं पत्र आहे पण साइटवर माझे अधिकार काय हे त्यात कुठंच नाही.

आता शेवटच्या बिलासोबत गुत्तेदारानं डायरीचं पान फाडून दिलंय, बॉलपेननं लिहिलेलं. माळा ५२,०००, काउंटर हलवला ४८,५००, रंगाचा वाढीव हात ३६,०००, एकूण एक्स्ट्रा १,३६,५००. माळा माझ्या ड्रॉइंगच्या सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) दाखवलाय पण बीओक्यूत टाकायचा राहिला, ही चूक माझी, मान्यच आहे. काउंटरचं असं की नेब्युलायझर द्यायला लेकरू बसतं तिथं खिडकीतून दुपारचं ऊन थेट तोंडावर यायचं, म्हणून मी साइटवर उभी राहून आतल्या भिंतीला घ्या म्हणाले, ग्रुपवर फोटो टाकला, डॉक्टरांनी अंगठा दिला, विषय संपला. पैशाचं कुणीच काही बोललं नाही. आता डॉक्टर म्हणायलेत मी कुठं हो म्हणालो.

आणि यापेक्षा वाईट म्हणजे प्लाय. परवा सिंकखालच्या कपाटात हात घातला तर आतली कड पापडासारखी फुगलेली, नखानं ओढलं तर थर सुटून हातात आला. ड्रॉइंगच्या नोटमध्ये ओल्या जागी आयएस ७१० चा (पाण्याला टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) प्लाय असं लिहिलंय, बीओक्यूत मात्र नुसतं १८ एमएम प्लाय. गुत्तेदार म्हणतो मी बीओक्यू बघून रेट दिला. डॉक्टर म्हणतात दुसऱ्या आरए (काम चालू असतानाच्या) बिलावर तुम्ही 'चेक्ड' लिहून सही केली म्हणून मी पैसे दिले.

करारात तर माझं नावच नाही. मग मी यात नेमकी कोण आहे? रात्री झोप येईना झालीय.

जुनी_पेन्सिल_संभाजीनगर

ताई, आधी पाणी पी. असं प्रत्येकाचं एकदा होतं, माझंही १९ वर्षांपूर्वी गारखेड्याच्या एका घरात झालंय.

तू कोण आहेस हे आधी बघू. करार डॉक्टर आणि गुत्तेदाराचा, तू त्यात पक्षकार नाहीस हे बरोबर. पण त्यांच्यात काय ठरलं हे समजायला बॉन्डचं पान वाचून उपयोग नाही, ते तुझ्या ड्रॉइंगवर आणि तुझ्या बीओक्यूत लिहिलंय. म्हणजे दुसऱ्या दोघांचा करार तुझ्या हातून लिहिला गेलाय. म्हणून बीओक्यूची एक ओळ लिहिताना वकिलानं वाक्य लिहावं तितकं जपून लिहायचं. '१८ एमएम प्लाय' ही ओळच नाही गं. प्लाय कुठला, कुठल्या आयएसचा, शिक्का असलेला, आतून बाहेरून कुठला सनमायका, कड कशानं बंद, बिजागऱ्या कुठल्या, आणि मोजणी समोरच्या दर्शनी मापानं की आतल्या फळ्या धरून, हे सगळं त्या एकाच ओळीत यायला पाहिजे. नाहीतर निदान 'सोबतच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे पूर्ण काम' एवढं तरी. अमेरिकेत सीएसआय नावाची संस्था आहे, त्यांच्या पद्धतीत प्रत्येक स्पेसिफिकेशन तीन भागांत लिहितात, पहिल्यात सर्वसाधारण अटी, दुसऱ्यात माल, तिसऱ्यात तो कसा बसवायचा. मी मराठीत तसंच लिहिते, प्रत्येक कामाला अर्धं पान. अर्ध्या पानानं माझी कितीतरी भांडणं वाचली.

आता सही. बिलावर 'चेक्ड' हा शब्द आयुष्यात परत लिहू नकोस. काय चेक केलं? मोजमाप? माल? दोन्ही? मी लिहिते 'अमुक तारखेला साइटवर मोजलेल्या मापांप्रमाणे रक्कम अदा करण्यास शिफारस, झाकलेल्या कामाची व मालाच्या दर्जाची जबाबदारी गुत्तेदाराची'. आणि प्लाय साइटवर उतरतो त्या दिवशी जायचंच, शिक्क्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, सनमायका चढल्यावर देवाला पण कळत नाही आत काय आहे. शंका आली तर हातभर तुकडा घरी नेऊन पातेल्यात उकळायचा. आयएस ७१० च्या चाचणीत प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात, कमर्शियल प्लाय त्याच्या कितीतरी आधी सुटतो.

अजून एक. आपल्याकडं आर्किटेक्टला १९७२ चा कायदा आहे, कौन्सिलची नोंदणी आहे. इंटिरियर डिझायनरला तसा कायदा नाही. त्यामुळं तुझा अधिकार काय आणि किती हे कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही, तो तुझ्या फीच्या पत्रातच लिहावा लागतो. किती रुपयांपर्यंतचा बदल तू परस्पर सांगू शकतेस, त्यापुढं मालकाची लेखी मंजुरी, बिलाची शिफारस तू करणार की नाही, आठवड्यातून साइटवर किती वेळा. आणि बीम, कॉलम, जुनी भिंत यातलं काही तोडायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कागदाशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. लातूरच्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप मी काय सांगावा.

गुत्ता_बीड

ताई राग मानू नका, मी गुत्तेदार, फर्निचर आणि सिलिंगचं काम करतो १४ वर्षं झाले, आमची बी बाजू ऐका. प्लायचं समर्थन मी करणार नाही, सिंकखाली कमर्शियल लावणं चूकच, मिस्तरीला बीओक्यूत नसलं तरी एवढी अक्कल असती. पण बाकीचं बघा. आम्हाला रेट मागताना थ्रीडीचे रंगीत फोटो पाठवतात आणि म्हणतात भाऊ उद्यापर्यंत कोटेशन टाका. माप नाही, सेक्शन नाही. काम चालू झाल्यावर ड्रॉइंग येतात, त्या बी तीन तीन वेळा बदलून, सगळ्यांवर नाव तेच 'फायनल', तारीख कशावरच नाही. मागच्या वर्षी माझ्या सुतारानं मोबाइलमधल्या जुन्या ड्रॉइंगवरून सहा शटर कापले, नवीन ड्रॉइंग ग्रुपवर रात्री साडेअकराला पडली होती, २२ हजाराचं लाकूड माझ्या अंगावर आलं. आमचे सुतार राजस्थानचे, युपीचे, त्यांना मराठीतली नोट वाचता येत नाही, इंग्रजीतली तर सोडूनच द्या. नोट बारीक अक्षरात कोपऱ्यात लिहिली तर ती कुणीच वाचत नाही हे पक्कं धरून चाला. जे महत्त्वाचं ते त्या कपाटाच्या चित्रावरच बाण मारून लिहा.

काउंटर हलवला तर खर्च झाला की नाही? जुना तोडला, लाइटचे पॉइंट सरकवले, भिंत भरली, परत रंग. पैसे द्यावेच लागतील. फक्त त्यानं ते आधी सांगायला पाहिजे होतं, डायरीचं पान शेवटी काढायचं नसतं. आम्ही बी तिथंच चुकतो, मालक चांगला माणूस हाय, शेवटी बघून घेतील म्हणून गप बसतो.

निवृत्त_अभियंता_नांदेड

बांधकाम खात्यात ३१ वर्षं नोकरी केली, खासगी कामातला गोंधळ बघून नेहमी वाईट वाटतं कारण यातल्या बहुतेक गोष्टींची उत्तरं सरकारी टेंडरात कधीच लिहून ठेवलेली आहेत.

पहिलं, करार आयटम रेटचा आहे का एकरकमी? आयटम रेट असेल तर जेवढं केलं तेवढं मोजून त्या रेटनं. एकरकमी असेल तर ड्रॉइंगमध्ये जे दाखवलं ते सगळं त्याच रकमेत आलं. तुमचा करार मोजमापाप्रमाणे आहे, म्हणजे माळा ड्रॉइंगमध्ये आहे, त्याचे पैसे द्यावे लागतील, पण गुत्तेदाराच्या मनातल्या आकड्यानं नाही. तशाच कपाटाचा बीओक्यूत जो रेट आहे तो लावून. डॉक्टरांनाही हे समजावून सांगा, बीओक्यूत असता तरी ते पैसे त्यांना लागलेच असते, तुमच्या चुकीनं त्यांचं नुकसान झालेलं नाही, फक्त त्यांना आधी कळलं नाही.

दुसरं, दोन कागदांत फरक पडला तर कुठला खरा? सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, अटींमध्ये क्रम दिलेला आहे, आधी बीओक्यूतलं वर्णन, मग विशेष स्पेसिफिकेशन आणि विशेष अटी, मग ड्रॉइंग, मग त्यांची छापील स्पेसिफिकेशन, शेवटी आयएस. हा क्रम तुमच्या करारात लिहिलेला नसेल तर आपोआप लागू होत नाही, पण लिहिला असता तर आज वाद नव्हता. तुमच्या बाबतीत तर मला विरोधही दिसत नाही. बीओक्यू म्हणते प्लाय, ड्रॉइंग म्हणते कुठला प्लाय. दोन्ही कागद कराराला जोडलेले आहेत तर दोन्ही एकत्रच वाचायचे. रंगाचंही तेच बघा, किती हात हे कुठं लिहिलंय?

तिसरं, मोजणी. आयएस १२०० आहे मोजमापाच्या पद्धतीसाठी, करारात 'मोजमाप आयएस १२०० प्रमाणे' अशी एक ओळ टाका, आणि फर्निचरसाठी स्वतःची पद्धत वेगळी असेल तर ती स्पष्ट लिहा. दोघांनी मिळून मोजायचं, वहीत लिहायचं, तिथंच दोघांच्या सह्या. आम्ही एमबीत (मोजमापाच्या वहीत) एक आकडा खोडला तर त्यावर तारखेसह सही करायचो. आणि ड्रॉइंगवर लिहिलेलं माप खरं, पट्टी लावून काढलेलं माप नाही, हेही कागदावर असू द्या.

काळा_कोट_परभणी

वकील आहे, थोडक्यात सांगतो. १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करारालाही मान्यता आहे, त्यामुळं 'लेखी नाही म्हणून पैसे नाही' हे डॉक्टरांचं म्हणणं तेवढ्यावर टिकत नाही. कलम ७० बघा, कुणी फुकट करायच्या उद्देशानं केलेलं नाही असं काम दुसऱ्यानं स्वीकारलं, त्याचा फायदा घेतला तर मोबदला द्यावा लागतो. काउंटर रोज वापरात आहे ना?

डिझायनर ही मालकाची प्रतिनिधी. प्रतिनिधी म्हणून बोललेल्या गोष्टीला ती सहसा स्वतः बांधील नसते, कलम २३०. पण अधिकार नसताना अधिकार आहे असं भासवलं तर कलम २३५ नं भरपाई तिच्या अंगावर येऊ शकते. उलट मालकाच्या वागण्यातूनच समोरच्याला वाटलं की हिला अधिकार आहे, तर कलम २३७ नं मालक बांधील. इथं तो अंगठा कामाचा आहे. ग्रुपचं चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, मोबाइल फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे, प्रमाणपत्र लागतं.

पण ताई, खरं सांगू का, एवढ्या रकमेसाठी कोर्टात जाऊ नका कुणीच. तिघं समोरासमोर बसा. आणि निष्काळजीपणे सही केली म्हणून डॉक्टर तुमच्याविरुद्ध ग्राहक आयोगात सेवेतल्या त्रुटीची तक्रार करू शकतात, ते मनात ठेवून बोला. सहीबद्दल वाद घालू नका, स्वीकारा.

आरेखन_लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय कारण आधी काहीतरी मार्गी लागू दे म्हणलं.

रविवारी दवाखाना बंद असतो तेव्हा तिघं बसलो. मी सुरुवातीलाच सांगितलं की माळा बीओक्यूत राहिला ती चूक माझी आणि प्लाय न बघता 'चेक्ड' लिहिलं ती पण माझी. हे बोलताना आवाज कापत होता पण त्यानंतर डॉक्टरांचा सूर बदलला हे खरंय. मग टेप घेऊन मी आणि गुत्तेदार दोघांनी मोजलं. माळा ३४ चौरस फूट भरला, बीओक्यूचा रेट ११५०, म्हणजे ३९,१०० झाले, डॉक्टरांनी मान्य केले. काउंटरचं त्याला माल आणि मजुरी वेगवेगळी लिहायला लावली, ३१,२०० वर आलं, अंगठ्याचा मेसेज दाखवायची वेळच आली नाही, डॉक्टर स्वतःच म्हणाले की मीच सांगितलं होतं ऊन येतंय म्हणून. रंगाचे ३६,००० त्यानं सोडले कारण बीओक्यूत पुट्टी, प्रायमर आणि दोन हात असं स्पष्ट लिहिलेलं होतं, अभियंता काकांनी विचारलं म्हणून मी उघडून बघितलं नाहीतर मीच विसरले होते. ओल्या जागेतली तिन्ही कपाटं तो बदलून देणार, नवीन प्लायच्या शिक्क्याचे फोटो काल आले, मी जाऊन बोट लावून बघून आले. त्या तीन कपाटांचे पैसे तोपर्यंत डॉक्टरांनी थांबवलेत. माझ्या फीचा शेवटचा हप्ता मी स्वतःहून थोडा कमी केला, डॉक्टर नको म्हणत होते.

पुढच्या कामासाठी छापखान्यातून कार्बनवाली वही छापून घेतली. बदल काय, कुणी सांगितला, ड्रॉइंग नंबर आणि तारीख, अंदाजे किती रुपये, किती दिवस वाढणार, आणि खाली तीन सह्यांची जागा. तीन प्रती निघतात. सही झाल्याशिवाय सुतारानं करवत लावायची नाही असं वरच ठळक लिहिलंय, मराठीत आणि हिंदीत.

गुत्ता_बीड

ताई त्या वहीच्या पानाचा फोटो टाका की इथं, मी बी तसंच छापून घेतो, सोमवारी माझं नवीन काम चालू व्हायलंय.