६ इंच बर्फात एल्क उतरतात म्हणे!

रानवाट: कालच्या धाग्यात 'देवदार' यांनी ठोकून दिलंय की ऑक्टोबरात ६ इंच बर्फ पडला की अमेरिकेतल्या कोलोरॅडोतले एल्क (मोठी हरणं) डोंगर उतरतात, तेव्हा दरीच्या तोंडाशी बसा. नवखे हे वाचून बंदुकीनं शिकार करायचा अख्खा रायफल सीझन रिकाम्या सेजब्रशकडे (खुरट्या झुडपांकडे) बघत काढतील. ६ इंच एल्कच्या खिजगणतीतही नसतात. खुरानं उकरून खालचं गवत खातात. थर १६-१८ इंचांवर गेला की कळप हलतात, तेही माद्या-पिल्लं आधी. माजात झिजलेले मोठे नर त्याहून खोल बर्फातही वरच्या दाट स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडीतच राहतात.

देवदार: इंचपट्टी घेऊन चरत नाहीत ते! दुपारी वितळून रात्री गोठलेला असेल तर ८ इंचही जड जातात, पापुद्रा फोडताना दम निघतो. कोरडा भुसभुशीत असेल तर दीड फूटही झेपतो. इंच सांगता तर बर्फाची जातही सांगा.

रानवाट: जात मान्य. पण ऑक्टोबरात दक्षिण उतारावरचा बर्फ बहुतेकदा दोन-तीन दिवसांत उडतो. म्हणून कळप त्याच उंचीवर नुसती बाजू बदलतात. वादळात उत्तरेच्या झाडीत बसायचं, आभाळ मोकळं झालं की दक्षिणेच्या उघड्या गवतावर. याला 'उतरले' म्हणायचं?

तारेपलीकडे: बर्फ बर्फ काय लावलंय? गोळ्या वाजल्या की कळप खासगी रँचवर (गुरांच्या मोठ्या शेतावर), ऊन असो वा बर्फ. आपण तारेच्या कुंपणाअलीकडून दुर्बीण लावायची.

थंडगार: बर्फाचा एक फायदा आहेच. जनावर पडलं की आतडी काढा, वर बर्फ लोटा, सकाळी निवांत या.

सुरीधार: अहो, कुणी खरंच करेल! कातडं आणि बर्फ दोन्ही ऊब धरून ठेवतात. लगेच सोला, चारही तंगड्या सुट्या करा, मागच्या मांडीत हाडापर्यंत चीर द्या. सुती पिशव्यांत घालून फांदीला टांगा, नाहीतर आडव्या ओंडक्यांवर ठेवा. खालूनही हवा खेळली पाहिजे. आणि नर की मादी हे ओळखायची खूण मांसाला जोडलेलीच राहू द्या, कायदा आहे.

थंडगार: उणे तापमानात मांस सडतं? नवीनच विज्ञान.

सुरीधार: उणे बाहेर! खुब्याच्या सांध्यात जनावराच्या अंगाचीच ऊब कोंडते आणि मांस हाडापासून आंबतं. वरून लालभडक दिसेल, कापल्यावर वास येईल. मग बसा विज्ञान शिकवत.

देवदार: खाटीककामाचा वेगळा धागा काढा हो. रानवाट, घ्या तुमचे १८ इंच! पण ताज्या ६ इंचांत माग तर मिळतो? ठशाच्या कडा धारदार, आत सैल बर्फ, म्हणजे जनावर जवळ. तळ गोठून टणक झाला असेल तर जुना. माग दाट झाडीत शिरला की त्यावरून चालू नका, ते मागे बघतच बसतात. वारा तोंडावर घेत बाजूनं जा.

रानवाट: हे बरोबर. फक्त, बर्फ असला की सकाळची हवा उतारावरून खाली वाहणं उशिरापर्यंत चालतं. ऊन चांगलं तापेपर्यंत वरून जाऊ नका, तुमचा वास खाली त्यांच्याकडे जातो.

तारेपलीकडे: आणि माग रँचच्या तारेखालून गेला असेल तर?

रानवाट: तर मालकाला विचारा. पाटी नसली तरी कोलोरॅडोत परवानगी लागतेच.