मदत हवी आहे: चित्र दाखवलं की पोरगं नुसती नावं सांगतंय, वाक्यच बोलंना

लातूरची_आई: शाळेतून चित्रवर्णनाची कार्डं आलीत, सोमवारी तोंडी आहे, प्रत्येक कार्डावर पाच वाक्यं बोलायची म्हणे. मी समोर धरलं की हा बोट ठेवून छत्री, बादली, बॉल, खेकडा एवढंच म्हणतो अन् पळतो. पाठ करून घ्यायलेय तर तिसऱ्या वाक्याला गाडी अडते, मग माझाबी आवाज चढतो. पटकन उपाय सांगा, 'प्रेमानं घ्या' नको, ते सासूबाई दिवसभर सांगायल्यात.

जालनेकर: वय किती? कितवीत आहे?

हौशी_बाबा: चित्रांचं ॲप टाका ताई, आमची पोरगी त्याच्यावरच बोलायला शिकली.

परभणीची_ताई: झालं, आलं ॲप! दोन ते चार वर्षांच्या लेकरांना दिवसाला एक तासाच्या वर स्क्रीन नको, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ लाच सांगितलंय. ताई, आधी कान तपासा. अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तपासणी फुकट असते.

हौशी_बाबा: मी शेजारी बसून दाखवतो, हातात देऊन मोकळा होत नाही.

सेलूचे_गुरुजी: खेकडा, बादली म्हणजे चित्र समुद्रकिनाऱ्याचं दिसतंय. लेकरानं समुद्र बघितलाय का? त्यापेक्षा पोळ्याचं, नाहीतर आठवडी बाजाराचं चित्र द्या. अन् 'हे काय' विचारलं की नावच येणार. 'हा काय करायलाय', 'ती का रडायलीय', 'आता पुढं काय होईल' असं विचारा. तो 'बैल' म्हणला की तुम्ही 'हौ, शिंगं रंगवलेला बैल' एवढं जोडायचं अन् गप्प बसायचं. गप्प बसणंच पालकांना जमत नाही.

नांदेडकर_२: आमच्याकडं कणकेचे गोळे वळायला दिले, बोटात ताकद आली, अक्षर एकदम छान झालं.

जालनेकर: अक्षराचं कुणी विचारलंय? ताई, वय सांगा की.

लातूरची_आई: सव्वापाच, सीनियर केजी. वाक्यं इंग्लिशमधून बोलायचीत, शाळा इंग्लिश मिडियमचीय ना.

जालनेकर: अहो हेच तर मुख्य होतं! म्हणून म्हणतो, मराठी शाळेत घाला. २०२० च्या शिक्षण धोरणातबी शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असंच आहे.

परभणीची_ताई: तुमची मुलं कुठं शिकली भाऊ?

जालनेकर: ते जाऊ द्या.

सेलूचे_गुरुजी: मराठीत बोलतो का तो?

लातूरची_आई: तोंड बंद होत नाही. काल गल्लीत टँकर आला, कुत्रं मागं पळालं, शेजारच्या काकूंचा हंडा सांडला, कोण कुणाला काय बोललं ते सगळं जेवताना दोनदा सांगितलं.

सेलूचे_गुरुजी: मग वर्णन येतंय की त्याला. तोच टँकर कागदावर काढा, वेडंवाकडं चालतं. आधी मराठीत सांगू द्या, मग त्यातलीच दोन वाक्यं इंग्लिशमधून, 'द डॉग इज रनिंग' एवढी सोपी. तोच 'रनिंग' नंतर बॉलमागं पळणाऱ्या पोराला लावा. पाठ करून घेतलेलं कार्ड बदललं की संपतं.

लातूरची_आई: बरं, टँकर काढते. पण सोमवारी पाचच्या जागी दोनच वाक्यं आली तर टीचरला काय सांगू?

परभणीची_ताई: आज डायरीत लिहून पाठवा, की दोन तो स्वतः बोलेल, बाकी तुम्ही प्रश्न विचारून काढून घ्या. आमच्या टीचरनं ऐकलं होतं.

हौशी_बाबा: ॲपचं नाव पाहिजे का कुणाला?