कॅनडा: नवऱ्याच्या स्टडी परमिटवर मला ओपन वर्क परमिट (कोणत्याही मालकाकडे काम करायचा परवाना) मिळेल का?

मीनल_के: नवऱ्याला ओंटारिओतल्या कॉलेजात एक वर्षाच्या पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेटला प्रवेश मिळालाय. एजंट छातीठोकपणे सांगतोय, "मॅडम, तुमचं ओपन परमिट पक्कं." मी फार्मासिस्ट आहे, नोकरीचा राजीनामा लिहून ठेवलाय. कुणाला नक्की माहीत आहे का?

हॅलिफॅक्सकर: राजीनामा देऊ नका! 21 जानेवारी 2025 पासून नियम बदललाय. विद्यार्थी पीएचडीला, किमान 16 महिन्यांच्या मास्टर्सला किंवा नर्सिंग, इंजिनिअरिंगसारख्या ठरावीक पदव्यांना असेल तरच जोडीदाराला ओपन परमिट. सर्टिफिकेट त्यात बसत नाही. एजंटला कॉलेजकडून कमिशन मिळतं, त्याला तुमच्या परमिटचं काय पडलंय?

मीनल_के: अरे देवा. आणि त्याचा कोर्स संपल्यावर?

हॅलिफॅक्सकर: तिथेच खरी मेख आहे. पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट ओपनच असतं, पण एक वर्षाच्या सर्टिफिकेटवर ते साधारण वर्षाचंच मिळतं. तुम्ही त्यावर अर्ज करताना त्याच्या परमिटचे निदान 16 महिने शिल्लक लागतात, शिवाय त्याची नोकरीही वरच्या श्रेणीतली हवी. वर्षाच्या परमिटात 16 महिने कुठून आणणार? मास्टर्सचं बघा, त्यावर तीन वर्षांपर्यंत मिळू शकतं.

उंटावरचा_शहाणा: मीनलताई, एक जोडतो. ओपन म्हणजे मालक कोणताही चालतो, एवढंच. फार्मासिस्ट म्हणून उभं राहायला त्या प्रांताचं लायसन्स वेगळं काढावं लागतं, आणि आरोग्यक्षेत्रात काम करायचं तर मेडिकल तपासणीही. ती तयारी आत्तापासूनच सुरू करा, परीक्षांना वेळ जातो.